बाळाचा ब्राँकिओलायटिस: विषाणू कोणता, आणि तो न तपासता निदान कसं होतं?

प्रश्न असा आहे: साडेतीन महिन्यांच्या मुलीला आधी सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी खोकला वाढून धाप लागली, दूध कमी झालं. डॉक्टरांनी छाती तपासली, पायाला ऑक्सिमीटर लावून पाहिला आणि ब्राँकिओलायटिस, म्हणजे विषाणूमुळे फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिकांना आलेली सूज, असल्याचं सांगितलं. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, अँटिबायोटिकही नाही. विषाणू कोणता असं विचारल्यावर "बहुधा आरएसव्ही" एवढंच उत्तर मिळालं. एवढ्यावर निदान होतं का? स्वॅब तपासून घ्यावा का? आणि हिला पुढे दमा लागेल का?

तुमच्या डॉक्टरांनी कुठे कसूर केली असं मला दिसत नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझं मत सरळ आहे. या वयाचं बाळ, दोन-तीन दिवसांची सर्दी, मग खोकला आणि धाप, छातीत दोन्ही बाजूंना बारीक आवाज, एवढं जुळलं की ब्राँकिओलायटिसचं निदान झालं. त्यासाठी कुठलीही चाचणी लागत नाही. चाचणी लागते ती चित्र जुळत नसेल तेव्हा. तरी विषाणूबद्दलचा तुमचा प्रश्न वाजवी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आरएसव्ही म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस. ब्राँकिओलायटिस होऊन दाखल झालेल्या बाळांचे स्वॅब तपासले तर ५० ते ८० टक्के बाळांत हाच सापडतो. त्याचा मोसम भरात असेल तर आकडा वरच्या टोकाकडे जातो. १९५६ साली हा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, त्यामुळे सुरुवातीला त्याला नावही चिंपांझींचंच मिळालं होतं. लवकरच तो छातीच्या आजाराने बेजार झालेल्या तान्ह्या बाळांमध्ये सापडला. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो आणि पुढेही आयुष्यभर अधूनमधून होत राहतो, कारण त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती टिकाऊ नसते. मोठ्यांना तो नुसती सर्दी वाटतो, आणि बाळापर्यंत पोचतो तोही बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी किरकोळ सर्दीतून. खोकल्या-शिंकेतले थेंब हा एक मार्ग, पण हातांचा मार्गही तितकाच महत्त्वाचा आहे. खाटेचा कठडा, खेळणं, दाराची मूठ अशा कठीण पृष्ठभागांवर हा विषाणू काही तास तग धरतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा चार ते सहा दिवस लागतात.

तुमच्या डॉक्टरांचं "बहुधा" आलं ते इथून. थंड हवेच्या देशांत आरएसव्ही हिवाळ्यात येतो, उष्ण प्रदेशांत पुष्कळदा पावसाळ्यात. मोसमात एकामागून एक तशीच बाळं येऊ लागली की अंदाज सहसा चुकत नाही. हे वेळापत्रक कोसळलं ते कोविडच्या साथीत. २०२०-२१ च्या हिवाळ्यात अनेक देशांत आरएसव्ही जवळजवळ गायब झाला आणि २०२१ मध्ये अवेळी, भर उन्हाळ्यात उसळून आला.

उरलेल्या बाळांत मोठा वाटा रायनोव्हायरसचा, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूचा. याच्यामुळे होणारा आजार सहसा लवकर आटोपतो, पण पुढच्या घरघरीशी त्याचं नातं जास्त घट्ट आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते. ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस हा आरएसव्हीचा चुलतभाऊ. २००१ साली नेदरलँड्समध्ये तो ओळखला गेला. जुने, साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा कळलं की तो निदान पन्नास वर्षं तरी माणसांत फिरतो आहे. तरीही मधूनच "नवा विषाणू" म्हणून बातम्यांत त्याचा गाजावाजा होतो आणि दवाखान्याचे फोन खणखणू लागतात. पॅराइन्फ्लुएन्झाचा तिसरा प्रकार, इन्फ्लुएन्झा, सर्दीचे जुने कोरोनाव्हायरस आणि आता कोविडचा विषाणू यांनीही हेच चित्र उभं राहू शकतं. बोकाव्हायरस २००५ साली सापडला. तो बहुतेक वेळा दुसऱ्या विषाणूच्या सोबतीने दिसतो आणि आजार सरल्यावरही नाकात बराच काळ रेंगाळतो. ॲडेनोव्हायरस मात्र वेगळा. तो तुलनेने कमी बाळांत दिसतो, पण त्याचे काही प्रकार श्वासनलिकांना कायमची इजा करू शकतात. ताप चढा, दिवस लांबलेले आणि बाळ फारच आजारी असेल तर माझ्या मनात हे नाव येतं.

इतके वेगवेगळे विषाणू, मग आजार एकच कसा? कारण सगळ्यांची वाट एकच. नाकातून खाली उतरून ते फुप्फुसांतल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर घाव घालतात. तिथल्या पेशी मरून सुटतात. कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस नाहीसे होतात, भिंत सुजते, आणि मेलेल्या पेशी व चिकट स्राव यांचं बूच आत अडकून बसतं. श्वास घेताना नळी किंचित रुंदावते, हवा आत जाते. सोडताना नळी आवळते आणि हवा मागे अडकते. म्हणून छाती फुगलेली दिसते. काही ठिकाणी बूच पूर्ण बसतं, पुढचा भाग आकसतो आणि रक्तातला ऑक्सिजन घसरतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळा पट वाढतो. तीच सूज मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत आली तर त्याला पत्ताही लागत नाही. आजार बाळांचाच का, आणि त्यातही पहिल्या सहा महिन्यांत जास्त का, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

घरोघरी अपेक्षा असते ती नेब्युलायझरची, म्हणजे औषधाचा फवारा श्वासातून देणाऱ्या यंत्राची, त्याचं उत्तरही यातच आहे. दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळलेले असतात. सालब्युटामॉल त्यांना सैल करतं. इथे अडचण सूज आणि बुचाची आहे, स्नायूंची नाही. त्यामुळे सालब्युटामॉल किंवा स्टेरॉइड यांनी आजाराचे दिवस कमी होत नाहीत, आणि बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांनी ती नेहमी देऊ नका असंच सांगितलं आहे. अँटिबायोटिकचा तर विषाणूशी संबंधच नाही.

आता निदान. तपासणीत स्टेथोस्कोपची पाळी नंतर येते; आधी डोळे. बाळ आईच्या मांडीवर शांत असताना अंगावरचे कपडे छाती आणि पोट दोन्ही दिसतील एवढे वर करायचे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर आकडा फसवा येतो, कारण या वयात श्वास एकसारखा नसतो. भराभर चालतो, मध्येच काही सेकंद थबकतो, पुन्हा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सोपे आहेत: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. मोजता मोजता बाकीचंही दिसतं. बरगड्यांच्या खाली आणि मधे कातडी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, प्रत्येक श्वासाला डोकं पुढे झुलतं का, उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो का. कण्हणं आणि डोकं झुलणं ही दोन लक्षणं दिसली की मी पुढचे प्रश्न दाखल करून घेतल्यावर विचारते.

मग आवाज. दोन्ही फुप्फुसांत पसरलेले, श्वास आत घेताना येणारे बारीक चुरचुरीत आवाज आणि उच्छ्वासात शिट्टीसारखी घरघर, यांपैकी एक किंवा दोन्ही. एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाक चोंदलेल्या बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर नाकातलीच घुरघुर छातीभर ऐकू येते. म्हणून नाकात सलाइनचे थेंब घालून, स्राव काढून, दहा-पंधरा मिनिटांनी मी पुन्हा ऐकते आणि श्वासही पुन्हा मोजते. कधी कधी ६४ चे ४८ होतात आणि बाळ दूध ओढू लागतं. त्यामुळे एका तपासणीवरून आजार किती तीव्र आहे हे ठरवू नये.

पायाला लावलेला ऑक्सिमीटर ही बहुतेक बाळांना लागणारी एकमेव "चाचणी". ऑक्सिजन सतत ९० टक्क्यांखाली राहत असेल तर तो द्यावा लागतो; सहा आठवड्यांहून लहान किंवा हृदय-फुप्फुसाचा मूळ आजार असलेल्या बाळांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वं ९२ ची रेषा धरतात. झोपेत क्षणभर ८९ दिसून परत ९४ झालं, तर त्याने घाबरायचं कारण नाही.

एक्स-रे का नाही, याबद्दल लोकांना सर्वांत जास्त शंका असते. काढला तर त्यात काहीतरी दिसणारच, हीच अडचण आहे. फुगलेली फुप्फुसं, श्वासनलिकांभोवती जाडसर रेषा, आणि बूच बसलेल्या जागी आकसलेला पांढरा पट्टा, जो उजव्या बाजूला वरच्या भागात बरेचदा असतो. तो पट्टा न्यूमोनियासारखा दिसतो. मग कागदावर "न्यूमोनिया" लिहिलं जातं, अँटिबायोटिक चालू होतं, कधी सलाइनही लागतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ आपसूक सुधारलं की श्रेय औषधाला जातं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही या आजारात जिवाणू आणि विषाणू यांचा नीट निवाडा करत नाही. एक अपवाद मात्र मी पाळते: दोन महिन्यांखालचं बाळ आणि ताप. ब्राँकिओलायटिस स्पष्ट दिसत असला तरी अशा थोड्या बाळांत लघवीचा संसर्ग सोबत असतो, तेव्हा लघवी तपासायची. त्याहून लहान, म्हणजे महिन्याच्या आतल्या बाळाला ताप असेल तर तपासण्या करताना हात आखडता घेऊन चालत नाही.

स्वॅबचं काय? पीसीआर चाचणी नाकात विषाणूचं जनुकीय द्रव्य आहे की नाही ते सांगते. आजचा आजार त्यानेच केला का, हे सांगत नाही. रायनोव्हायरस धडधाकट, हसऱ्या-खेळत्या मुलांतही पुष्कळदा सापडतो. आजार सरून आठवडे उलटले तरी अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. दाखल झालेल्या बाळांत दहा ते तीस टक्क्यांमध्ये एकाहून जास्त विषाणू मिळतात, आणि नावं दोन आली म्हणून उपचार दुप्पट होत नाहीत. झटपट अँटिजेन चाचणी स्वस्त आणि सोपी, पण आरएसव्ही असलेल्या पाच बाळांतलं साधारण एक तिच्या हातून निसटतं. मुख्य म्हणजे अहवालात आरएसव्ही आला काय किंवा मेटान्यूमोव्हायरस, करायचं तेच असतं: नाक मोकळं ठेवणं, पोटात दूध जात राहील हे पाहणं, लागला तर ऑक्सिजन, आणि वाट पाहणं.

असं असूनही काही वेळा मी स्वॅब पाठवते. इन्फ्लुएन्झाची साथ असेल तर, कारण त्यावर औषध आहे आणि ते लवकर द्यावं लागतं. प्रतिकारशक्तीचा दोष असलेल्या बाळात. अतिदक्षता विभागात जाण्याइतकं बाळ आजारी असेल तेव्हा. आरएसव्हीपासून संरक्षणाचं इंजेक्शन मिळालेलं बाळ तरीही आजारी पडलं तर. आणि रुग्णालयात खाटा शेजारी शेजारी असतील तर कोणाला कोणाजवळ ठेवायचं हे ठरवायला. तुमची मुलगी घरी राहून सुधारत असेल तर यातलं एकही कारण तिला लागू होत नाही.

विषाणूचं नाव माहीत असण्याचा मोठा फायदा झाला तो प्रतिबंधात, आणि तो प्रवास सोपा नव्हता. १९६० च्या दशकात आरएसव्हीची मृत विषाणूपासून केलेली लस बाळांवर वापरून पाहिली गेली. लस घेतलेल्या बाळांना पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा आजार कमी व्हायच्या ऐवजी बळावला आणि दोन बाळं दगावली. त्या धक्क्यानंतर कितीतरी वर्षं या लसीच्या वाटेला जपूनच जाणं झालं. १९९८ मध्ये पॅलिव्हिझुमॅब हे तयार प्रतिपिंडांचं (विषाणूला अडवणाऱ्या अँटिबॉडींचं) इंजेक्शन आलं, पण ते मोसमात दर महिन्याला द्यावं लागे आणि महागडं, त्यामुळे फक्त फार अपुऱ्या दिवसांच्या आणि हृदयरोगी बाळांपुरतं राहिलं. पुढे विषाणू पेशीला चिकटण्याआधी त्याचं पृष्ठभागावरचं प्रथिन कोणत्या आकारात असतं ते उलगडलं, आणि नेमकं त्याच आकाराला अडवणारे उपाय बनू लागले. निर्सेव्हिमॅब हे मोसमात एकदाच द्यायचं इंजेक्शन युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. गर्भवतीला द्यायची लसही २०२३ मध्ये आली. अमेरिकेत ती ३२ ते ३६ आठवड्यांत देतात, म्हणजे आईची प्रतिपिंडं जन्माआधीच बाळाला मिळतात. आरएसव्हीपायी २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं दगावली असा अंदाज आहे आणि त्यातली बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. हे उपाय त्या देशांत कधी पोचतात यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

निदानात फसायला होतं ते दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या असलेल्या आजारांत. दूध पिताना कपाळावर घाम, वजन आधीपासूनच न वाढणं, हृदयात जादा आवाज आणि हाताला लागणारं मोठं यकृत असेल तर दोष हृदयात शोधावा लागतो. सर्दी हे निमित्त ठरलेलं असतं. खोकल्याची लांब उबळ, चेहरा लाल-निळा होणं, उबळीनंतर उलटी, आणि दोन उबळींमध्ये बाळ जवळपास ठीक असेल तर डांग्या खोकला आठवायचा. अगदी लहान बाळात उबळीऐवजी श्वासच थांबतो. घरघर एकाच बाजूला आणि अचानक सुरू झालेली असेल, सर्दी नसेल, आणि मूल हाताला येईल ते तोंडात घालणारं असेल, तर श्वासनलिकेत काहीतरी अडकलं आहे असं समजूनच चालायचं. ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर टिकून असेल आणि आवाज एकाच जागी येत असतील तर न्यूमोनिया. ब्राँकिओलायटिसमध्ये ताप सुमारे एक तृतीयांश बाळांनाच येतो आणि तो बहुधा ३९ च्या खालीच राहतो.

तुमच्या मुलीसाठी आजचा दिवस कितवा ते मोजा. तीन ते पाच हे दिवस सर्वांत वाईट, म्हणजे तिसऱ्या दिवशी "काल बरी होती, आज बिघडली" हे अपेक्षितच आहे. चढाला लागलेला आजार आहे हे ओळखूनच घरी पाठवायचं की नाही ते ठरतं. नेहमीच्या निम्म्याहूनही दूध कमी झालं, बारा तासांत लघवी झालेली नाही, श्वास मध्येच थांबला, ओठ-जीभ निळसर दिसली, कण्हणं सुरू झालं किंवा उठवूनही ती जागी होईना, तर रात्र असो वा पहाट, रुग्णालय गाठायचं. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेली आणि तीन महिन्यांखालची बाळं यांच्या बाबतीत तर मी याहूनही आधी या म्हणते, कारण अशा बाळांत धाप दिसण्याआधीच श्वास थांबू शकतो. एरवी दूध थोडं थोडं पण वारंवार पाजा आणि पाजण्याआधी नाक मोकळं करा. घरातलं कुणी सिगारेट ओढत असेल तर बाळ असलेल्या घरात ती नको. धुराने हा आजार जड जातो.

आता दमा. ब्राँकिओलायटिस झालेल्या बऱ्याच बाळांना पुढची एक-दोन वर्षं प्रत्येक सर्दीबरोबर घरघर होते. त्यातल्या बहुतेकांची ती शाळेच्या वयापर्यंत थांबते. पुढे दमा होण्याची शक्यता कुणात जास्त? आई-वडिलांपैकी कुणाला दमा असेल, बाळाला एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाज-पुरळ येणारा आजार) असेल, किंवा घरघर रायनोव्हायरसमुळे झाली असेल तर. विषाणूने दमा पेरला की दम्याकडे झुकलेल्या फुप्फुसांतच विषाणूने घरघर उठवली, यावर तज्ज्ञांत जुना वाद आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण कुटुंबात ॲलर्जीचा मागमूस नसलेली मुलं नंतर क्वचितच माझ्याकडे दम्यासाठी परततात.

खोकला रेंगाळला म्हणून घाबरू नका. दहातल्या नऊ बाळांचा तो तीन आठवड्यांत जातो. त्यानंतरही टिकला, खोकला ओलसर राहिला, वजन वाढत नसेल किंवा दर पाजण्याला ठसका लागत असेल तर तिला पुन्हा दाखवा. त्या वेळी मी एक्स-रे काढायला सांगेन, गिळताना दूध श्वासनलिकेत जातं का ते पाहीन, आणि गरज वाटली तर सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार नाही ना हे पाहायला घामातल्या क्लोराइडची तपासणीही करून घेईन.